बंद्याला विचारलेला प्रश्न

अमरावतीचा मध्यवर्ती तुरुंग १८६६ सालचा. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला तो १८५३ साली, आणि वऱ्हाडची पहिली खानेसुमारी झाली १८६७ साली. तुरुंग आधी आणि माणसांची मोजदाद वर्षभराने नंतर, हा क्रम मला निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. परक्या मुलखावर राज्य करायचे तर कोणाला कोंडायचे हे ठरवावे लागते, तसेच कोण कोण आहेत हेही विचारून लिहून ठेवावे लागते. खानेसुमारीचा कारकून दारात आला तर गावकऱ्याला वय चुकीचे सांगता येई, एखादी पोर मोजणीतून गाळता येई. तुरुंगाच्या फाटकात ही सोय नव्हती. तेथे माणूस आधी उघडा करून तपासला जाई आणि मग त्याला प्रश्न विचारले जात.

या लेखाचा विषय मर्यादित आहे. तुरुंगातल्या माणसाला त्याच्या शरीराविषयी, व्यसनाविषयी, लैंगिक वर्तनाविषयी विचारतात तेव्हा विचारणारा कोण असतो, उत्तर कोणत्या वहीत जाते आणि त्या उत्तराचे पुढे काय होते, एवढेच मला पाहायचे आहे. आपल्या चळवळीने तुरुंगाचा विचार केला तो बहुधा मोर्चे आणि सत्याग्रह यांच्या संदर्भात. पंधरा दिवसांची कैद, सुटका, फाटकाबाहेर घोषणा आणि हार. परंतु दारू, चोरी, मारामारी, जंगलचा गुन्हा यांपायी वर्षानुवर्षे आत राहणारा आपला माणूस आपल्या वैचारिक लेखनात फार थोडा आला आहे. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. देशाच्या तुरुंगांत ते साधारण एक पंचमांश, काही वर्षी त्याहूनही अधिक भरते. आणि अलीकडच्या सरकारी अहवालांप्रमाणे आत असलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तीन न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही. तेव्हा तुरुंगातील आरोग्याचा प्रश्न हा आपल्या वस्तीच्या आरोग्याचा प्रश्न आहे. आत गेलेला माणूस बाहेर येतो, आणि येताना खोकला, खरूज, कावीळ, ताप जे काय असेल ते घेऊन येतो.

१८९४ चा तुरुंग कायदा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या देशातील तुरुंगांचा पाया राहिला. तो कायदा आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा तरी शांतपणे वाचावा. त्याचे २४ वे कलम सांगते की, नवा कैदी आला की वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासावे आणि त्याची प्रकृती, अंगावरच्या जखमा व खुणा, सक्तमजुरी असल्यास तो कोणत्या वर्गाच्या मजुरीस लायक आहे, आणि आणखी जे काही नोंदवावेसे वाटेल ते एका वहीत लिहावे. ही वही ठेवायची कोणी? जेलरने. डॉक्टर लिहिणार आणि जेलर सांभाळणार. ३५ वे कलम सांगते की, मजुरी करणाऱ्या कैद्याचे वजन पंधरा दिवसांतून किमान एकदा त्याच्या 'हिस्टरी तिकिटा'वर नोंदवावे. तुरुंगाच्या बोलीत याला नुसते तिकीट म्हणतात. वरवर पाहता ही तरतूद दयाळूपणाची आहे. कामाने माणूस खंगत चालला आहे की काय हे वजनावरून कळते. पण त्याच वजनावरून अजून किती काम काढता येईल हेही कळते, आणि तराजू एकच असतो.

याच कायद्याच्या ४५ व्या कलमात तुरुंगातील अपराधांची यादी आहे. त्या यादीत अनीतीचे वा असभ्य वर्तन हा एक अपराध आहे. मनाई असलेली वस्तू जवळ बाळगणे हा दुसरा. तिकिटात खाडाखोड करणे हा तिसरा. आणि आजाराचे सोंग करणे हाही अपराध आहे. लगेच पुढच्या, ४६ व्या कलमात शिक्षा दिल्या आहेत: कामात बदल करून ते अधिक कष्टाचे करणे, सवलती काढणे, बेड्या, वेगळी कोठडी, शिक्षेचा आहार, फटके. आता वाचकांनी ही यादी एका बाजूला ठेवावी आणि आजकालच्या कोणत्याही आरोग्य-सर्वेक्षणाची प्रश्नावली दुसऱ्या बाजूला ठेवावी. तंबाखू खाता का, बिडी ओढता का, नशा करता का? मनाई असलेली वस्तू. बराकीत कोणाशी शरीरसंबंध आला का? अनीतीचे वर्तन. काय दुखते? दुखत असल्याची खूण सापडली नाही तर सोंग. आरोग्याच्या एकेका प्रश्नाला कायद्यातला एकेक अपराध जोडलेला आहे. कैदी खोटे बोलतात अशी तक्रार करणारे पुष्कळ विद्वान भेटतात. त्यांच्यापैकी किती जणांनी ही दोन कागदपत्रे शेजारी ठेवून वाचली असतील?

आणखी एक गोष्ट. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हाच बहुधा जिल्हा तुरुंगाचा अधीक्षकही असे. नाडी पाहणारा हात आणि शिक्षेच्या हुकमावर सही करणारा हात यांत अंतरच नव्हते. अशा डॉक्टरला काय सांगायचे हे कैद्याला शिकवावे लागत नसे.

विचारणाऱ्याच्या सोयीने उत्तर कसे तयार होते याचा एक भक्कम पुरावा खुद्द सरकारी दप्तरातच आहे. गांजा, भांग, चरस यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी सरकारने १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले. त्या काळी विलायतेत आणि इकडेही असा बोभाटा होता की, हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत. पुरावा काय, तर इस्पितळांचे तक्ते. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या, आणि एक फार शहाणपणाचे काम केले. १८९२ या एका सालात वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेले सगळे रुग्ण घेतले आणि ज्यांच्या नावापुढे गांजा हे कारण लिहिले होते त्यांची प्रकरणे एकेक करून उकरली. दाखल झालेले होते १,३४४. गांजाच्या खाती टाकलेले २२२. चौकशीअंती टिकले ९८, आणि त्यांतही गांजा हे एकमेव कारण म्हणता येईल असे केवळ ६१. मग बाकीच्यांच्या नावापुढे गांजा आला कोठून? दाखल करताना भरायच्या कागदात 'कारण' असा रकाना होता. रकाना रिकामा ठेवता येत नाही. पोलिसाने इकडे तिकडे विचारले, माणूस गांजा ओढत असे एवढे कळले, त्याने ते लिहिले. कारकुनाने त्याची नक्कल केली, डॉक्टरने कारकुनाची, आणि वार्षिक अहवालात ते शास्त्र होऊन बसले.

मला या कमिशनचे फार कौतुक करायचे नाही. त्याच्या साक्षीदारांत अधिकारी, डॉक्टर, प्रतिष्ठित मंडळी यांचाच भरणा होता आणि सरकारला गांजाचा महसूल हवा होता. परंतु रकाना माणसाआधी तयार असतो आणि माणसाला त्यात कोंबले जाते, हे त्यांनी साम्राज्याच्या ऐन भरात आकड्यांनिशी दाखवले. आपण तर हे रोज भोगतो. फासेपारधी म्हटले की पोलिसाच्या वहीतला रकाना आधीच भरलेला असतो. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. गावातली चोरी झाली की पालावर जाणारी गाडी काही रद्द झाली नाही. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारध्यांच्या मुलांसाठी जी आश्रमशाळा उभी राहिली तिचे नावच 'प्रश्नचिन्ह' असे ठेवले आहे. ज्या जमातीला पिढ्यान्‌पिढ्या फक्त प्रश्न विचारण्यात आले तिने प्रश्नाचे चिन्ह आपल्या दारावर लावावे, यातला अर्थ ज्याने त्याने घ्यावा.

कैद्याच्या शरीराचा उपयोग ज्ञानासाठी करून घेण्याची रीतही जुनी आहे. वऱ्हाडाबाहेर, मुंबईत, १८९७ च्या जानेवारीत प्लेगच्या ऐन धुमाळीत हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे त्यांच्या मोठेपणाचेच आहे. त्यानंतर लगेच तिची परीक्षा झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात. कैद्यांपैकी काहींना टोचले, काहींना नाही, आणि मग कोण आजारी पडतो हे पाहिले. ज्यांना टोचले ते स्वेच्छेने पुढे आले होते असे नमूद आहे. लस उपयोगी ठरली, त्या लसीने पुढे असंख्य जीव वाचले, हे मला नाकारायचे नाही. मला फक्त 'स्वेच्छेने' या शब्दापाशी थांबायचे आहे. भिंतीच्या आत प्लेग शिरला आहे, दार बाहेरून बंद आहे, आणि साहेब विचारतो आहे की टोचून घेतोस का. या परिस्थितीत हो म्हणणे आणि नाही म्हणणे यांपैकी स्वेच्छा कशात असते?

आता जातीच्या रकान्याकडे येऊ. २४ व्या कलमातील 'कोणत्या वर्गाच्या मजुरीस लायक' हे शब्द वाचताना ते शरीराच्या ताकदीविषयी आहेत असे वाटते. परंतु इंग्रजांनी प्रांतोप्रांती जे तुरुंग-नियम केले आणि स्वातंत्र्यानंतर ते जसेच्या तसे चालू राहिले, त्यांत कामाची वाटणी जातीने होत होती. स्वयंपाक योग्य जातीच्या कैद्याने करावा, मैल्याचे काम बाहेर जे तेच काम करतात त्यांच्याकडून घ्यावे, अशा अर्थाचे नियम अनेक राज्यांच्या पुस्तकांत छापलेले होते. एकोणिसाव्या शतकातल्या तुरुंगांत हगवण आणि पटकी यांनी माणसे पटापट मरत. आणि मैल्याच्या टोपल्या जातीने ठरत. म्हणजे रोगाचा धोकाही जातीनेच वाटला जात होता. आजच्या सर्वेक्षणाच्या भाषेत याला 'जोखमीचे वर्तन' म्हणता येईल काय? टोपली उचलणाऱ्याने ते वर्तन निवडले होते काय? 'वर्तन' हा शब्दच मोठा फसवा आहे. तो सगळी जबाबदारी माणसाच्या माथी मारतो आणि त्याला तेथे उभे करणाऱ्या नियमाचे नाव घेत नाही.

हे नियम जाण्यास २०२४ साल उजाडावे लागले. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० साली या विषयावर लिहिले, पुढे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने जातीवर आधारलेली कामाची आणि बराकींची वाटणी घटनाबाह्य ठरवली. तुरुंगातील कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकावा, असाही आदेश दिला. काही मित्रांनी मला विचारले की, मग आपली संख्या कशी कळणार? शंका रास्त आहे. पण बराकीच्या दारावरची वही आणि देशाच्या अहवालातली बेरीज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत जात लिहिली की त्या संध्याकाळी झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे ठरते. दुसरीत लिहिली तर अन्याय मोजता येतो. प्रश्न तोच, उत्तर तेच. उत्तराला नाव चिकटले आहे की नाही यावर सारे अवलंबून आहे. पुढे मी जे सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच आहे.

२०१९ साली समाजकार्याचे काही विद्यार्थी माझ्याकडे एक प्रश्नावली घेऊन आले. वऱ्हाडातल्या एका तुरुंगात बंद्यांच्या आरोग्याविषयी चौकशी करायची होती आणि त्यांना ती वऱ्हाडी बोलीत करून हवी होती. मूळ इंग्रजीवरून कोणीतरी केलेले मराठी असे होते: 'आपण गेल्या सहा महिन्यांत असुरक्षित लैंगिक संबंध प्रस्थापित केले आहेत काय?' प्रस्थापित हा शब्द आपण या पानांवर फार वेगळ्या अर्थाने वापरतो, त्यामुळे मला आधी हसू आले. मग यादी वाचत गेलो. सुईतून घेण्याच्या नशेवर पाच प्रश्न होते. खर्ऱ्यावर एकही नव्हता. ज्या मुलखात पोरगे मिसरूड फुटायच्या आधी खर्रा तोंडात धरते, तेथल्या तुरुंगात खर्ऱ्याची एक पुडी काय भावाने जाते आणि तिच्यासाठी कोण काय करतो, हे न विचारता आरोग्याची चौकशी पुरी होणार होती. एका ब्लेडवर किती जण दाढी करतात, हेही नव्हते. आत सुईने गोंदवून घेतात, आईचे नाव, बदाम, विंचू; त्याचा उल्लेख नव्हता. ब्लेड आणि गोंदणाची सुई यांतून कावीळ पसरते हे डॉक्टरांना माहीत असते, पण प्रश्नावली करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच कोणत्या देशातला कैदी असावा.

आमच्या वस्तीत एक जण तीन वर्षे आत राहून आलेला आहे. त्याला मी ती प्रश्नावली वाचून दाखवली. तो म्हणाला, "सर, हे असं तं आमाले बी इचारलं होतं एकदा. साहेब टेबलापाशी, अन् वार्डर दाराशी हुबा. इचारते, बिडी पेतं का? म्या म्हनलं, नाई जी. मंग काय म्हनू? बिडी सापडली का मुलाकात बंद. मायी माय दीडशे मैलावरून येत होती भेटाले." मी विचारले, की दुसऱ्या प्रश्नांचे काय केलेस? तो थोडा वेळ गप्प राहिला. "थ्या गोठी कोनी सांगते का? तेथं नवा पोरगा आला का त्याचं काय होते थे साऱ्याइले ठाऊक रायते. इचारनाऱ्याले बी ठाऊक रायते. मंग इचारते कायले?"

माझ्या मते या शेवटच्या वाक्यात संशोधनाच्या पद्धतीवरची सगळी टीका येऊन जाते. जे सर्वांना ठाऊक आहे ते एका माणसाच्या तोंडून वदवून घेण्यात ज्ञान वाढत नाही, त्या माणसाचा धोका तेवढा वाढतो.

याचा अर्थ बंद्यांना काही विचारूच नये असा मी घेत नाही. न विचारण्याचा फायदा नेहमी तुरुंग चालवणाऱ्यालाच झालेला आहे. १९८२ साली पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी पंधरा महिला बंद्यांशी बोलणे केले. पाच जणींनी सांगितले की पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल केले, आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल दिला. स्त्रियांना वेगळी कोठडी, तेथे महिला पोलीस, अटक होताच नातेवाइकांना खबर, कायद्याची मदत, इत्यादी सूचना त्यातून आल्या. या खटल्यातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने स्त्रियांना पुन्हा विचारण्याचे काम पोलिसांकडे किंवा तुरुंगाकडे सोपवले नाही. निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांना आत पाठवले आणि बंदी स्त्रियांशी कोणीही जवळ नसताना बोलण्याची मुभा त्यांना द्यावी असे सांगितले. विचारणारा बदलला आणि ऐकणारा तिसरा माणूस दूर केला, एवढ्याने बोलणे शक्य झाले. पुढे बारसे यांनी ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर मुलाखतींची परवानगी काढून घेण्यात आली आणि ते प्रकरणही न्यायालयात गेले. १९८७ च्या निकालात मुलाखतीला वाव ठेवतानाच बंद्याच्या इच्छेविरुद्ध मुलाखत घेता येणार नाही हेही आले. बंद्याला गप्प बसण्याचाही अधिकार आहे, हे त्यात गृहीत आहे.

एड्सच्या काळात हा पेच अधिक तीव्र झाला. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला कोणताही गुन्हा नसताना, केवळ रक्तात विषाणू सापडला म्हणून, सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली पकडून म्हापशाच्या जुन्या क्षय-रुग्णालयात चौसष्ट दिवस कोंडून ठेवले होते. रक्तदान करायला गेलेला माणूस कैदी होऊन बसला. मग आधीच कैदी असलेल्याने तोंड का उघडावे? १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात पुरुषांमधील संबंध सर्रास असल्याचे डॉक्टरांना आढळले, त्यांनी निरोध द्यावेत असे सुचवले, आणि तुरुंगाच्या प्रशासनाने नकार दिला. कारण सरळ होते. निरोध वाटले तर जे घडते ते घडते असे कबूल करावे लागले असते, आणि ते भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाखाली गुन्हा होते. एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने त्याच वर्षी त्या कलमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम हटायला सप्टेंबर २०१८ उजाडले. ते कलम लागू असताना तुरुंगातल्या ज्या ज्या बंद्याला असा प्रश्न विचारला गेला, त्याच्याकडून वास्तविक गुन्ह्याचा कबुलीजबाब मागितला जात होता. फौजदारी कायद्यात कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. आरोग्याच्या नावाखाली मात्र ते सहज चालून गेले.

दरम्यान रोग थांबला नव्हता. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने अलीकडच्या वर्षांत मध्यवर्ती तुरुंगांत केलेल्या पाहणीत एच.आय.व्ही.चे प्रमाण सुमारे दोन टक्के निघाले. सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२ च्या आसपास आहे. दहापट. क्षयाचे तर विचारूच नये; कोंदट बराक, एकमेकांना लागून अंथरुणे, आणि खोकला लपवणारी माणसे. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने संमतीशिवाय तपासणीला मनाई केली आणि राज्याच्या ताब्यातील व्यक्तीला तपासणी, समुपदेशन व उपचार यांचा हक्क दिला, हे चांगले झाले. पण हक्क मागायलाही आधी तोंड उघडावे लागते.

याला एक उत्तर म्हणून आपल्या देशातील एच.आय.व्ही.च्या पाहण्यांत अनेक वर्षे एक रीत वापरली गेली. गरोदर स्त्रियांचे दुसऱ्या तपासणीसाठी घेतलेले रक्त नाव पुसून तपासायचे. आकडा खरा मिळतो, कोणाचे गुपित फुटत नाही. पण ज्याचे रक्त त्यालाच निकाल कळत नाही. देशाला ज्ञान झाले आणि बाई अज्ञानातच घरी गेली. या रीतीवर जाणकारांनी पुष्कळ वाद घातला आहे. माझा कल स्पष्ट आहे: ज्याच्याकडून उत्तर घेतले त्याच्या हाती काहीच पडत नसेल तर ती चौकशी त्याची नव्हे.

यापेक्षा मला दुसरी एक युक्ती अधिक न्याय्य वाटते. अमेरिकेतील स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने ती १९६५ साली मांडली. विद्यार्थ्यांना मी ती अशी समजावली. एका पिशवीत दहा गोट्या घाला, सात लाल आणि तीन पांढऱ्या. बंद्याने हात घालून एक गोटी काढायची, स्वतःच पाहायची आणि परत टाकायची. लाल निघाली तर त्याच्यापुढे विधान आहे, 'मी हे केले आहे.' पांढरी निघाली तर विधान आहे, 'मी हे केलेले नाही.' त्याने फक्त 'खरे' किंवा 'खोटे' एवढेच बोलायचे. गोटी कोणती ते सांगायचे नाही. त्याने 'खरे' म्हटले तरी त्यावरून वार्डराला काही कळत नाही, विचारणाऱ्याला कळत नाही, न्यायाधीशालाही कळणार नाही. तरीही सगळ्यांची बेरीज बोलते. शंभर जणांपैकी कोणीच ते केलेले नसेल तर सरासरीने तीस जण 'खरे' म्हणतील, कारण तितक्यांना पांढरी गोटी येईल. सर्वांनी केले असेल तर सत्तर जण म्हणतील. म्हणजे तीस ते सत्तर ही चाळीसची पट्टी झाली. समजा अडतीस जण 'खरे' म्हणाले, तर तीसच्या वर आठ. चाळिसात आठ म्हणजे एक पंचमांश. वीस टक्के बंद्यांनी ते केले आहे असा अंदाज निघाला, आणि त्यांतला एकही माणूस कोणाला ओळखू आला नाही.

विद्यार्थी खूष झाले. मी त्यांना याची किंमतही सांगितली. शंभर जणांत हा अंदाज फार डळमळीत असतो; वीस म्हणता म्हणता तो दहा किंवा तीसही असू शकेल. भरवसा ठेवण्याजोगा आकडा हवा तर हजारांच्या घरात माणसे लागतात. एका माणसाला झाकायचे तर पुष्कळ माणसांनी सोबत उभे राहावे लागते. आणि अमरावती व अकोला मिळूनही प्रत्येक प्रश्नाला अशी पिशवी फिरवणे व्यवहारात कठीण आहे, म्हणून ती दोन-तीन प्रश्नांपुरतीच ठेवावी, बाकीचे ब्लेड, गोंदण, खोकला हे सरळ विचारावेत, तेही वार्डर ऐकू येण्याच्या अंतरावर नसताना. कागदावर तिकिटाचा नंबर असू नये. जे निघेल ते बराकीत वाचून दाखवावे.

आमच्या वस्तीतला तो जण हे सगळे ऐकत बसला होता. गोट्यांचे गणित त्याला दोनदा सांगावे लागले, पण आकडेमोडीत त्याला फारशी शंका नव्हती. त्याची शंका पिशवीबद्दल होती. पिशवी कोण आणणार? बाहेरून आणलेल्या पिशवीत काय शिवलेले असेल हे आतल्या माणसाला कसे कळावे? विद्यार्थी म्हणाले, आम्ही आणू, आमच्यावर विश्वास ठेवा. तो हसला. "पिशवी आमी शिवू. जेलात शिलाईचं काम चालतेच. कापड तुमी द्या, उलटीपालटी करून साऱ्याइले दाखवा, गोट्या बी आमालेच मोजू द्या. मंग सांगतो तुमाले खरं का खोटं."